चुलीच्या पाठीत पाणी

हे बोटीवरून कायमचे घरी आले
तेव्हा सामानात साबण नव्हते, घड्याळ नव्हतं,
टेंपोतून उतरली सात फासळ्यांची एक लोखंडी वस्तू.
दारूखान्याच्या भंगारातली.
अंगावर कुठल्याशा मुलखाची उठावाची अक्षरं,
हर्णैत कुणालाच न वाचता आलेली.

"रेडिएटर. गार मुलखात खोली ऊन ठेवतो," म्हणाले.
पार पाजपंढरीपर्यंत लोक हसले.
तांडेलांच्या पडवीत यंदा बर्फ पडणार म्हणे.
शेवंताकाकू तर भर वैशाखात
खांद्यावर घोंगडी टाकून बघायला आली.

मग आठ दिवस ठोकाठोक.
मागल्या दारच्या चुलीची पाठ फोडली,
आत तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलं,
माझी पुरणाची परात उलटी करून तिच्यावर माप आखलं.
नळी सगळीकडे चढती हवी, बोटभरही बसकी नको.
पंप नाही, वीज नाही.
तापलं की पाणी आपलं आपण वर जातं,
निवलं की आपलं आपण खाली येतं.
"बोटीवरच्या माणसासारखं," मी म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
सत्तावीस वर्षं इंजिनाशेजारी उभे राहून
कान तिथेच ठेवून आलेत.

वाशाला पिंप टांगलं,
पिंपातून एक नळी कौलाबाहेर, उघड्या तोंडाची.
"हिला बोळा घालायचा नाही. कधीच नाही.
चिमणीने काडी ठेवली तरी काढायची.
वाफ कोंडली तर घर उडेल."
हे सांगत होते मला,
जी आठ-आठ महिने
झाकण दाबून बसलेली.

चुलीला सोडणं चालतात, सुरूच्या काटक्या चालतात,
फुटक्या होडीची फळी तर निळी जळते, खार प्यालेली.
काजूची टरफलं तेवढी नकोत.

आषाढात बरणीतल्या मिठाचं पाणी झालं,
चपलांवर हिरवी लव आली,
काडी ओढली तर पेटीवर नुसती ओली रेघ.
तेव्हा हसलेले एकेक करून मागल्या दाराने आले.
कुणाचे शाळेचे मोजे,
कुणाची सूपभर अर्धीकच्ची आमसुलं,
पोस्टातल्या नार्वेकरांचं भिजलेलं पासबुक, पान पान उलगडून.
शेवंताकाकूच्या नातवाचे लंगोट तर दोन्ही वेळा.
घोंगडीही आली. ओली होती.

भाद्रपदात हे लेकीकडे डोंबिवलीला गेले,
मोतीबिंदू काढायला.
चूल मी पेटवली, पहिल्यांदा एकटीने.
ते करतात तसा तळवा नळीवर ठेवला:
खाली ऊन, वर कोमट,
आणि मध्येच ठक्. ठक्. ठक्ठक्.
आतून कुणी तरी दार वाजवतंय.
निखारे बाजूला ओढले. तरी ठक्.

फोन लावला.
"अहो, ठोकतंय."
"काय?"
"नळी ठोकतेय!"
"जेवलो, जेवलो. भाकरी होती."
मग काय सुचलं कोण जाणे,
फोनच नेऊन फासळ्यांना टेकवला
आणि उभी राहिले, हात लांब करून,
जणू कुणाचा ताप बघतेय.

बऱ्याच वेळाने कानाशी घेतला.
पलीकडे बोलणं चाललंच होतं,
शांत, इंजिनखोलीतलं:
"...शेवटच्या फासळीत हवा अडकलीय.
चावी तांदळाच्या डब्यामागे.
अर्धा आटा. जास्त नको.
पाणी दिसलं की बंद."

चावी होती तिथेच.
अर्धा आटा फिरवला.
लोखंडाने एवढा लांब श्वास सोडला
की अंगणातलं कुत्रं उठून बसलं.
मग एक थेंब. कढत.

"झालं," मी म्हटलं.
"काय?" म्हणाले.